इबुसुकीचं वाळूस्नान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानची सहल ठरवताना तोक्यो-क्योतोच्या पलीकडे काही शोधणाऱ्यांची नजर बहुधा एका फोटोवर अडकते: समुद्रकाठच्या काळ्या वाळूत ओळीने पुरलेली माणसं आणि वर दिसणारी फक्त टॉवेल गुंडाळलेली डोकी. तो फोटो पाहून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. तब्येतीचे प्रश्न मध्यावर आहेत. घरातलं कुणी ज्येष्ठ बरोबर असेल तर ते आधी वाचा.

वाळूस्नान म्हणजे नक्की काय? समुद्रावर मुलं एकमेकांना पुरतात तसंच का?

दिसायला तसंच, फरक खालून येणाऱ्या उष्णतेचा. जपानच्या दक्षिण टोकाकडे क्यूशू बेटावर कागोशिमा प्रांत आहे, त्यातलं इबुसुकी हे समुद्रकाठचं छोटं गाव. ज्वालामुखीच्या या प्रदेशात जमिनीखालचं खारट गरम पाणी समुद्राकडे झिरपतं आणि किनाऱ्याची वाळू खालून तापवत राहतं. कोकणात राजापूरला किंवा उन्हवऱ्याला गरम पाणी कुंडात येतं, त्याला आपण उन्हाळे म्हणतो. इथे ते कुंडात साठण्याऐवजी वाळूत मुरतं, एवढंच. जपानी शब्द ‘सुनामुशी’. सुना म्हणजे वाळू, मुशी म्हणजे वाफवणं. थोडक्यात, उकडीच्या मोदकाचं जे होतं ते दहा मिनिटं तुमचं होतं. ही पद्धत सुमारे ३०० वर्षांपासून चालत आल्याचं इथे सांगतात.

तिथे पोचायचं कसं? एका दिवसात होतं का?

कागोशिमात मुक्काम असेल तर आरामात होतं. फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेनने) कागोशिमा-चुओ सव्वा ते पावणेदोन तासांत येतं. तिथून इबुसुकी-माकुराझाकी मार्गावरची साधी गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते, तिकीट हजार येनच्या घरात. याच मार्गावर ‘इबुसुकी नो तामातेबाको’ ही खास गाडी २०११ पासून धावते, ती तासाभरात पोचवते. या गाडीची डोंगराकडची बाजू काळी आणि समुद्राकडची पांढरी आहे. कारण एका लोककथेतला उराशिमा तारो तामातेबाको नावाची पेटी उघडतो आणि आतल्या धुराने त्याचे केस क्षणात पिकतात. स्टेशनात दार उघडलं की गाडीतूनही पांढरं धुकं सुटतं. तिच्या फेऱ्या मोजक्याच आहेत आणि सगळ्या जागा आरक्षित, त्यामुळे जेआर पास (जपानी रेल्वेचा प्रवासी पास) असला तरी जागा आधी राखावी लागते. जाताना डावीकडे बसा, समुद्र आणि मागे साकुराजिमा ज्वालामुखी त्या बाजूला दिसतो.

इबुसुकी स्टेशनपासून ‘साराकू’ हे सार्वजनिक वाळूस्नानगृह पायी वीस मिनिटांवर आहे. बसने पाच मिनिटं. मोठ्या बॅगा कागोशिमा-चुओच्या लॉकरमध्येच ठेवून या.

बुकिंग लागतं का? खर्च किती? बरोबर काय न्यायचं?

एकट्यादुकट्याने किंवा कुटुंबाने जाताना खिडकीवर तिकीट काढून आत जायचं. दर हजार ते दीड हजार येनच्या पट्ट्यात असतो, त्यात अंगावर घालायचा सुती युकाता येतो. छोटा टॉवेल आपला न्या, नाहीतर तिथे पैसे देऊन घ्या. लॉकरसाठी १०० येनची नाणी आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. शनिवार-रविवार सोडून इतर दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी काम थांबू शकतं, म्हणून सकाळी लवकर नाहीतर दुपारी दोननंतर जावं.

अंगाला किंवा केसांना तेल लावून जाऊ नका. वाळू तेलाला चिकटते आणि नंतरच्या गरम कुंडात तेलाचा तवंग येतो. जपानी माणूस तोंडावर काही बोलत नाही, पण कुंडातून उठून जातो.

आत गेल्यावर क्रमाने काय काय होतं?

१. तिकिटाबरोबर युकाता मिळतो. स्त्री-पुरुषांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या. सगळे कपडे काढून नुसता युकाता घालायचा (अंतर्वस्त्रांबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे). डावा पदर नेहमी वर. उजवा पदर वर फक्त मृतदेहाला नेसवतात, आणि तुम्ही आता वाळूत पुरून घ्यायला निघाला आहात, तेव्हा हे लक्षात असलेलं बरं.

२. टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरायचं. तिथे फावडी घेतलेले कर्मचारी असतात, त्यांना ‘सुनाकाके-सान’ म्हणतात, म्हणजे वाळू घालणारे. ते वाळू उकरून तुमच्या मापाचा उथळ खळगा करतात.

३. उताणं झोपायचं, पाय जुळवून, हात अंगालगत. डोक्याखाली आणि केसांभोवती टॉवेल गुंडाळला जातो, म्हणजे कानात वाळू जात नाही. झोपण्याआधी युकात्याचा मागचा भाग नीट ताणून घ्या. पाठीखाली चुणी राहिली तर तिथेच सगळ्यात जास्त चटका बसतो.

४. पायांकडून छातीकडे फावड्याने वाळू पडते. ओलसर असल्याने ती वाटते त्यापेक्षा जड असते. पहिल्या मिनिटाला फक्त वजन कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला बोटांच्या टोकांत आणि मांड्यांत नाडी ठकठक करू लागते. पाचव्याला कपाळावरून घाम कानाकडे ओघळतो.

५. समोर घड्याळ असतं. दहा मिनिटं झाली की स्वतःच उठायचं. कुणी उठवायला येत नाही.

६. वाळूने भरलेल्या युकात्यासकट आत यायचं. आधी युकाता अंगावर ठेवूनच पाण्याखाली वाळू उतरवायची, मग तो काढून ठरलेल्या टोपलीत टाकायचा. हा क्रम चुकला की वाळू थेट न्हाणीत जाते.

७. मग छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, आणि शेवटी गरम पाण्याच्या कुंडात. छोटा टॉवेल कुंडात बुडवायचा नसतो. लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात.

सगळं मिळून सव्वा तास धरा.

इतक्या लांब जाऊन दहाच मिनिटं? जास्त वेळ राहिलं तर?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चूकही इथेच होते. दहा मिनिटं ही सूचना आहे, घासाघीस करायची किंमत नव्हे. पंधरा मिनिटं सरावाची माणसं राहतात. पण पैसे वसूल करायला वीस-पंचवीस मिनिटं पडून राहणाऱ्यांना उठताना चक्कर येते, किंवा टाचांवर आणि ढुंगणाच्या हाडाजवळ लाल चट्टे उठतात.

कारण सरळ आहे. उष्णता खालून येते आणि शरीराचा भार टाचा, कंबर, खांदे अशा मोजक्या जागी पडतो. दाबामुळे तिथलं रक्त कमी फिरतं, त्यामुळे आलेली उष्णता वाहून जात नाही. असं भाजणं हळूहळू होतं. चटका बसल्यासारखं वाटतच नाही, नंतर फोड दिसतो. टाच तापू लागली की पाय थोडे हलवा, वाळू सैल होते. तरी जमत नसेल तर ‘आशी, अत्सुई’ म्हणा, म्हणजे ‘पाय, गरम’. कर्मचारी तिथली वाळू बदलून देतात.

वाळू ५० ते ५५ अंश असते म्हणे. अंघोळीचं पाणी ४५ अंशांना सहन होत नाही, मग हे कसं होतं?

पाणी हलतं. अंगाजवळचं पाणी थोडं निवलं की दुसरं गरम पाणी त्याची जागा घेतं, म्हणून चटका चालूच राहतो. वाळू जागची हलत नाही. अंगाला लागलेला थर आपली उष्णता देऊन किंचित निवतो आणि मागची उष्णता त्यातून सावकाश येते. मध्ये युकात्याचं कापडही असतं. म्हणूनच आत गेल्यावर सारखी चुळबुळ करणाऱ्याला जास्त गरम लागतं. वरच्या उत्तरात पाय हलवायला सांगितलंय ते एकदाच आणि खाली पोकळी होण्यापुरतं.

आत खरंच काहीच घालायचं नाही? आईला आणि सासूबाईंना हे पटणार नाही.

वाळूत सगळे युकात्यात असतात आणि वर वाळू, त्यामुळे तिथे लाजण्यासारखं काही नाही. स्त्री-पुरुष शेजारी-शेजारी झोपतात. नेहमीची पद्धत आत काही न घालण्याची आहे, कारण इलॅस्टिकखाली वाळू अडकून काचते. फारच अवघड वाटत असेल तर जुनी, टाकून देता येईल अशी सुती चड्डी घाला. ब्रा नको, तिचे हूक तापतात.

खरी अडचण पुढे येते. गरम कुंडात कपडे घालून उतरता येत नाही, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. स्त्रियांचं कुंड वेगळं असतं, तरी सगळ्यांसमोर विवस्त्र व्हायचं नसेल तर कुंड सोडून द्या. अंगावरची वाळू उतरवून, न्हाऊन बाहेर आलं तरी वाळूस्नान पूर्णच होतं.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढावी लागतील का?

हो, काढाच. धातू तापतो आणि वाळूच्या वजनाखाली कातडीला चिकटून राहतो. मंगळसूत्राच्या वाट्या आणि पेंडंट नेमके छातीच्या हाडावर येतात. तारेत गुंफलेल्या काळ्या मण्यांमध्ये बारीक वाळू बसली की महिनाभर निघत नाही. खारट पाण्याने चांदीची जोडवी-पैंजण काळवंडतात. काचेच्या बांगड्या वजनाने पिचू शकतात. निघतच नसलेल्या अंगठीवर किंवा कड्यावर ओला रुमाल गुंडाळा आणि वेळ पाच-सात मिनिटांवर आणा. कॉन्टॅक्ट लेन्स आणि कानातलं श्रवणयंत्रही लॉकरमध्ये.

हात वाळूत असताना नाक खाजलं तर?

खाजणारच. हात सरळ वर काढून खाजवा, कुणी रागवत नाही. फक्त वाळूचा हात डोळ्याला लावू नका, घाम टॉवेलच्या कडेने टिपा.

मला बंद जागेची भीती वाटते. अडकल्यासारखं होईल का?

वाळू गच्च बसवत नाहीत. कोपर उचललं की तडा जातो आणि माणूस स्वतःच्या ताकदीने उठून बसतो. तरी धास्ती असेल तर आधीच सांगा: ‘ओमोई’ म्हणजे जड. पोटापर्यंतच वाळू घालून घ्या, हात बाहेर ठेवा. छातीवर वाळू नसली तरी घाम येतोच. डोळे मिटण्यापेक्षा उघडे ठेवून लाटांकडे कान द्यावा, असं आमचं मत.

फोटो काढता येतात का?

वाळूत पडल्यावर फोन हातात धरता येत नाही, पण विचारलं तर कर्मचारी काढून देतात. फोन जलरोधक पाकिटात ठेवा आणि तापलेल्या वाळूवर आडवा टाकू नका. कपडे बदलायची खोली आणि न्हाणीघर इथे फोन बाहेरही काढायचा नाही, निरोप बघायलासुद्धा.

वडिलांचे गुडघे दुखतात. जमिनीवर झोपता-उठता येईल?

खळगा जमिनीच्या पातळीला असतो. बाक किंवा खाट नसते. भारतीय बैठक ज्यांना जमत नाही त्यांना उठतानाच त्रास होतो, वाळूत नाही. उठायची पद्धत अशी: आधी दोन्ही हात बाहेर, मग उठून बसा आणि अर्धा मिनिट तसेच राहा. मग एका कुशीवर वळून, हात टेकून, गुडघ्यावर आणि शेवटी उभे. आधाराला कर्मचारी हात देतात, तेवढं खुणेने सांगा. गुडघा नुकताच बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर चालेल का?

दोन्हींचं उत्तर वेगवेगळं आहे.

रक्तदाब आणि हृदयविकार: उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, वाळूचा दाब शिरांमधलं रक्त हृदयाकडे ढकलतो, आणि हृदयाचं काम वाढतं. निरोगी माणसाला हेच सुखाचं वाटतं. हृदयविकार, अलीकडे झालेली अँजिओप्लास्टी, ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर टाळा. गोळ्यांनी रक्तदाब ताब्यात असेल तर डॉक्टरांना विचारून पाच मिनिटं, तीही पोटापर्यंतच. उठताना दाब एकदम खाली जातो, म्हणून वरच्या उत्तरातलं अर्धं मिनिट इथे सक्तीचं.

मधुमेह: साखरेपेक्षा पायांची चिंता करा. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते आणि टाच भाजत असल्याचं कळतच नाही. पायाला मुंग्या येत असतील, चप्पल निसटलेली कळत नसेल, तर पाय वाळूबाहेर ठेवूनही हा प्रयोग नको. त्यांनी स्टेशनसमोरच्या फुकट पादस्नानाच्या कुंडातही आधी हाताने पाणी तपासावं.

ताप, उघडी जखम, नुकतंच घेतलेलं मद्य या तिन्हींना सरळ नकार. पोटभर जेवणानंतर तासभर थांबा. आत जाण्याआधी दोन पेले पाणी प्या, बाहेर आल्यावर पुन्हा. घरून ओआरएसची पाकिटं आणली असतील तर ती इथेच कामाला येतात.

गरोदरपणात किंवा पाळीच्या दिवसांत?

गरोदरपणात नाही, कितवाही महिना असो. अंगाचं तापमान वाढवणं हाच या स्नानाचा हेतू आहे. पाळीत आजार म्हणून मनाई नसते, पण उष्णतेने स्राव वाढू शकतो आणि युकाता सगळ्यांसाठीचा असतो, म्हणून दिवस बदलता आला तर बदला.

लहान मुलांना नेता येतं का?

शाळकरी मुलांना मजा वाटते. त्यांना तीन ते पाच मिनिटं पुरतात, कारण लहान अंग लवकर तापतं. मूल ‘बास’ म्हणालं की बास. रांगत्या बाळाला घेऊन एकाने बाहेर थांबावं.

आयुर्वेदातला वालुकास्वेद आणि हे एकच का? सांधेदुखी बरी होते का?

नातं आहे, पण कृती वेगळी. वालुकास्वेदात वाळू कढईत कोरडी तापवून पुरचुंडीने दुखऱ्या जागी शेकतात. म्हणजे कोरडा शेक आणि एकाच ठिकाणी. इबुसुकीत ओली, खारट, जड वाळू सगळ्या अंगावर असते आणि दाब हा उष्णतेइतकाच कामाचा भाग आहे. पाठ-कंबर मोकळी होणं आणि रात्री गाढ झोप लागणं हे बहुतेकांना जाणवतं. एका स्नानात संधिवात जात नाही. ‘शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर सोडून द्या. निघतो तो घाम.

ही वाळू स्वच्छ असते का? माझ्याआधी दुसरं कुणी झोपलेलंच असणार.

प्रत्येकासाठी जागा पुन्हा उकरून सारखी करतात, खालून गरम खारं पाणी झिरपत असतं, आणि तुमच्या-वाळूच्या मध्ये धुतलेला युकाता असतो. हॉटेलच्या सोफ्याबद्दल एवढंही सांगता येत नाही.

पाऊस किंवा भरती असेल तर? कोणत्या महिन्यात जावं?

ओहोटीच्या वेळी लाटांजवळच्या उघड्या वाळूत, भरती किंवा पाऊस असेल तर किनाऱ्यालगत छपराखाली. स्नान दोन्हीकडे सारखंच, समुद्र जवळून हवा असेल तर त्या दिवसाची ओहोटी बघून जा. ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं येतात आणि गाड्याही बंद पडतात. आमची पसंती हिवाळ्याला: हवा गार, वाळू गरम, आणि जानेवारीतच इकेदा तलावाकाठी मोहरीवर्गातली पिवळी फुलं. त्याच महिन्यात त्या फुलांच्या नावाची मॅरेथॉन असते, ते दोन-तीन दिवस गावात खोली मिळणं कठीण.

आम्ही शाकाहारी आहोत. इबुसुकीत खायचं काय?

हा वाळूपेक्षा अवघड प्रश्न. याच गावाचं यामागावा बंदर आणि रेल्वेमार्गाचं शेवटचं टोक माकुराझाकी, ही दोन्ही गावं कात्सुओबुशीसाठी, म्हणजे बोनिटो मासा वाळवून-धुरवून केलेल्या ठोकळ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. त्याचा अर्क सूपमध्ये, रश्शात, भाजीवरच्या पाण्यातही असतो. ‘मांस नाही’ एवढं सांगून भागत नाही, ‘दाशी नको’, म्हणजे हा अर्क नको, असंही सांगावं लागतं.

चांगली बातमी अशी की रताळं इथलंच. १७०५ मध्ये माएदा रिएमोन याने ते र्‍यूक्यू बेटांवरून यामागावात आणलं अशी नोंद सांगतात, आणि तिथूनच ते ‘सात्सुमा-इमो’ म्हणून जपानभर गेलं. एकादशी असो-नसो, वाफवलेलं रताळं मीठ लावून खाण्यासारखं आहे. भेंडीतही इबुसुकी जपानात आघाडीवर. जपानी लोक ती उकडून वर कात्सुओबुशीचा कीस घालतात, तो घालू नका म्हणून आधीच सांगा. तोसेन्क्यो या दरीतल्या ठिकाणी गोल फिरत्या पाण्यातून सोमेन शेवया उचलून खातात. शेवया चालतात, बुडवायचं पाणी माशाचं असतं. मीठ, लिंबू आणि पिशवीतलं मेतकूट घेऊन जा. ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी खानावळ-निवासात, राहणार असाल तर जेवणाबद्दल आठवडाभर आधी लिहून कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर भात आणि लोणचं मिळेल.

साराकूला गर्दी असते. दुसरं ठिकाण आहे का?

यामागावा भागात फुशिमे किनाऱ्यावर ‘सायुरी’ आहे. वाळूत पडल्या पडल्या ९२४ मीटर उंचीचा, शंकूसारखा कायमोनदाके डोंगर दिसतो. शेजारी जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर अंडी आणि रताळी शिजवतात. गाडी भाड्याने घेतली असेल तर आम्ही हेच सुचवू. गाडी नसेल तर साराकूच बरं, बस क्वचित असते. इबुसुकीपर्यंत जाणं जमत नसेल तर ओइता प्रांतातल्या बेप्पूच्या ताकेगावारा स्नानगृहात वाळूस्नान छपराखाली मिळतं. तिथली १९३८ ची लाकडी इमारत बघण्यासारखी आहे, समुद्र मात्र नाही.

अंगावर टॅटू आहे, आत घेतील का?

युकात्याखाली तो दिसतच नाही, अडचण कुंडात येते. नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून खिडकीवर दाखवून विचारा. छोटा असेल तर कातडीच्या रंगाची पट्टी लावून या. मोठा असेल तर ऱ्योकानचं तासाने मिळणारं खाजगी कुंड घ्या. गोंदण टॅटूतच मोजलं जातं. आजीच्या हातावरच्या तुळशीला कुणी हरकत घेण्याची शक्यता कमी, पण विचारलेलं बरं.

युकाता घरी नेता येतो का?

नाही, तो भाड्याचा असतो, टोपलीत टाकायचा. हवाच असेल तर कागोशिमाच्या दुकानांत नवा मिळतो, त्यात वाळूही नसते.